चौथं नाव

एकोणीसशे सत्तावन्न सालचा मार्गशीर्ष. पुण्यात त्या वर्षी थंडी लवकर उतरली होती. जुन्नरहून आलेल्या ऑर्केस्ट्राची राहायची सोय कसब्यातल्या एका शाळेत केली होती. सकाळी आठाच्या सुमाराला नजमुन्निसा शाळेच्या पायरीवर बसून बशीतला चहा फुंकत होती. पलीकडच्या तांबट आळीत कुणीतरी कानस हातात घेतली आणि भांड्याच्या कडेवर ओढली. एकदा ओढून थांबला, मग पुन्हा ओढली. त्या आळीचा दिवस रोज असाच सुरू होत असणार. रस्त्यावरून जाणाऱ्या एकाही माणसाने मान वळवून बघितलं नाही. नजमुन्निसाच्या हातातली बशी मात्र कलंडली आणि चहा तिच्या मांडीवर सांडला. मांडी पोळली, तरी ती उठली नाही. कानस थांबेपर्यंत उठू नये असं तिला वाटत राहिलं, जसं मशिदीच्या पायरीवर नमाज संपेपर्यंत लहान मुलं बसून राहतात.

"बोटं बघ, बोटं," जलालचाचा मागून म्हणाले. जलाल तिचे सख्खे चुलते, ऑर्केस्ट्रातले क्लॅरिनेटवाले. अब्बा गेल्यापासून तिचं घर आणि तिचं व्हायलिन दोन्ही त्यांनीच सांभाळलं होतं. "मांडी पोळली तर पोळू दे, बेटा. मांडीनं कुणी वाजवत नाही."

बोटं धड होती. तिने ती एकेक करून उघडली, मिटली, आणि नको नको म्हणताना तिची नजर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे भिंतीला टेकून जानकूबाबा उकिडवे बसले होते, शेजारी त्यांची सून भागू. दोघांना चहा नेऊन दिला होता, तो तसाच सायीखाली निवला होता. बाबांच्या मांडीवर फडक्यात बांधलेला काशाचा थाळा होता. फडक्याच्या आत त्यांचा डावा हात होता आणि तो हलत होता. अंगठा थाळ्याच्या कडेवरून फिरत होता, एक पूर्ण फेरी झाली की पुन्हा पहिल्यापासून. सहा दिवस हेच चाललं होतं. जुन्नरहून येताना गाडीत सगळे गात होते, ढोलकीवाला चांगदेव नकला करत होता, आणि मागच्या बाकड्यावर तो अंगठा फिरत होता.

त्या अंगठ्याची आणि नजमुन्निसाची ओळख जुनी होती. तिचे अब्बा, वली, आंबेगावच्या बाजारात हिरड्याचा व्यापार करायचे. उन्हाळा आला की डोंगरातल्या वाड्यांवरून महादेव कोळी हिरड्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन उतरत, आणि वलीच्या पडवीत वजन होईपर्यंत बसून राहत. त्यांतच जानकूबाबा असत. तेव्हा ते म्हातारे नव्हते, पण आठ वर्षांच्या मुलीला सगळेच म्हातारे दिसतात. त्यांच्या पाटीत हिरड्याच्या खाली थाळा असे, कारण तो घरात एकटा ठेवायचा नाही असा त्यांचा नेम होता. थाळ्याच्या मध्यावर मेण लावून त्यात एक सरळ वाळकी काडी उभी करायची, आणि ती काडी चिमटीत धरून वरून खाली ओढत राहायचं, की थाळा बोलू लागे. तो आवाज कशासारखा होता ते नजमुन्निसाला पुढे आयुष्यभर सांगता आलं नाही. भुंग्यासारखा म्हणावं तर त्यात माणूस होता, माणसासारखा म्हणावं तर त्याला श्वास घ्यावा लागत नव्हता. ती हसावी म्हणून बाबा काडीचं टोक दाताने तोडून टाकत आणि आखूड काडी पुन्हा मेणात रोवत. मग तोच थाळा बारीक आवाजात बोले. "हे बकरीचं करडू," बाबा म्हणत. पुन्हा लांब काडी लावली की थाळा खाली उतरे. "ही म्हस." थाळा तोच, काडी वेगळी. आठव्या वर्षी तिला हे ठाऊक होतं. पुढच्या सगळ्याच्या मुळाशी एवढी एक गोष्ट होती, आणि ती कुणी विसरण्याइतकी अवघड नव्हती.

थाळ्याच्या कडेवर खाचा होत्या. ज्वारीच्या दाण्यात नख रुतावं एवढ्याच, पण अंगठ्याला लागत. अकरा होत्या. बाबांच्या वाडीची रीत अशी, की माणूस गेलं आणि त्याचे दिवस घालायचे झाले की थाळा लावायचा आणि घराण्यातल्या सगळ्या मेलेल्यांची नावं पहिल्यापासून क्रमाने गायची. पहिल्याने दुसऱ्याला हात द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी साखळी करत यायचं, आणि शेवटचा जो उभा असेल त्याने नव्या माणसाचा हात धरून त्याला पलीकडे न्यायचं. उजव्या हाताने काडी ओढायची आणि डाव्या अंगठ्याने खाच चाचपायची, म्हणजे नाव चुकत नाही. गाणाऱ्याने नाव घ्यायचं आणि शेजारच्याने ते झेलायचं, म्हणजे म्हणून दाखवायचं. एकदा झेललं की ते नाव त्या जागी बसलं, मग ते कुणाला हलवता येत नाही. नवा माणूस पोचला की त्याची खाच पाडायची. हिरड्याच्या वजनाची वाट बघताना बाबा नावं विसरू नयेत म्हणून अंगठा फिरवत पुटपुटत, आणि नजमू आपला अंगठा त्यांच्या अंगठ्यावर ठेवून बरोबर पुटपुटे. खेवजी, लुमाजी, सरू, धावजी. एका उन्हाळ्यात तिची अकराही नावं पाठ झाली. अब्बा तराजूमागून हसले होते. "बाबा, आमची पोर तुमच्या पितरांना ओळखायला लागली."

"वळखू दे की," बाबा म्हणाले होते. "तिकडं गेल्यावर येकटी न्हाई पडायची."

आत हॉलमध्ये सयाजीराव मास्तर सगळ्यांना उठवत होते. मास्तर पिंपळवंडीचे, चांगल्या जमीनदार शेतकऱ्याचे चिरंजीव. लढाईत फौजेच्या बँडमध्ये गेले आणि कागदावर सूर लिहायची विद्या घेऊन परत आले. जुन्नरमध्ये कागदी मोहल्ल्यातला एक बंद पडलेला कागदखाना त्यांनी भाड्याने घेतला, आणि लग्नातले बाजेवाले, देवळातले पेटीवाले, एक शिंपी, दोन शिक्षक आणि जलालची पुतणी अशी सोळा माणसं जमवून त्यांना खुर्च्यांवर बसायला शिकवलं. जुन्नरला तेव्हा मुलीने व्हायलिन वाजवणं म्हणजे काय होतं ते आता सांगून कळायचं नाही. मोहल्ल्यातल्या बिबिजानखाला तिला पाहिलं की दार लावून घेत, आणि मग फटीतून ऐकत. नजमुन्निसा सव्वीस वर्षांची झाली होती, लग्नाचं विचारायला आता कुणी येत नव्हतं. मास्तरांचा हात वर जाई, सोळा माणसं एका क्षणी श्वास घेत, आणि त्या श्वासात ती असे. तिला दुसरीकडे कुठेच जागा नव्हती. दिवाळीनंतर मुंबईचा एक साहेब आला आणि मास्तरांना म्हणाला, पुण्याच्या सरकारी महोत्सवात नुसता ऑर्केस्ट्रा कुणाला नकोय, तुमच्याकडचे आदिवासी बरोबर घ्या, दोघांचं मिळून काही करा, मग पुढे दिल्लीसुद्धा आहे. मास्तरांना आदिवासी कुठून माहीत असणार. नजमुन्निसा म्हणाली, "मला माहीत आहेत."

ती आणि जलालचाचा आंबेगावहून अर्धा दिवस चढून वाडीवर गेले. बाबांचा मुलगा भिमाजी भाद्रपदात मध काढताना कड्यावरून पडला होता. त्याचे दिवस घालायचे राहिले होते, कारण दिवस घालायचे तर सगळ्या वाडीला जेवण द्यायचं, आणि घरात तांदूळ नव्हता. भागू बावीस वर्षांची. ती दारात बसून आल्यागेल्याकडे अशी बघत होती, जसं एखाद्या स्टँडवर गाडी सुटून गेलेलं माणूस बघतं. बाबा म्हणाले, "पोर तरनी हाय. भिमाजी मार्गी लागला म्हंजी हिचा पाट लावून देईन. त्यो आडकलाय तवर ही बी आडकली." जलालचाचांनी लगेच मास्तरांच्या वतीने दोन पोती आंबेमोहोर कबूल केला. बाबा तरी हलेनात. थाळा मेलेल्यांसाठीच बाहेर निघतो, तमाशाला नाही, असं म्हणाले. मग नजमुन्निसा पुढे सरकली आणि लहानपणी बसायची तशी जमिनीवर बसली. "बाबा, मी आहे ना. थाळा माझ्यापाशी राहील." ते तिच्याकडे बघून हसले. भागू हसली नाही. "वलीशेटची पोर म्हनून येतोय आमी," ती म्हणाली. "बाजावाल्यांची म्हनून न्हाई."

मास्तरांनी जुन्नरला आल्या दिवशीच बाबांना पानांचा घागरा आणि डोक्याला मोरपिसं दाखवली. बाबांची बंडी आणि पागोटं बघून त्यांचा हिरमोड झाला होता. "लोकांना आदिवासी आहे असं दिसायला नको का?" ते म्हणाले. भागूने मोरपीस हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "आमच्यात ह्ये मोर घालतो," ती म्हणाली, आणि चांगदेव ढोलकीवर डोकं ठेवून हसला. हसण्यासारखं बाकी फारसं झालं नाही. थाळ्याचा आवाज पेटीवरच्या काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधल्या फटीत पडत होता. मास्तरांनी तीन दिवस प्रयत्न केला. जलालचाचा म्हणाले, आपणच थोडं खाली येऊ, क्लॅरिनेट ओढून घेतो. मास्तरांचा चेहरा ताठ झाला. "सोळा माणसं एका ताटलीसाठी खाली उतरणार नाहीत, जलालभाई." मग डोळे मिटून, कपाळ चोळत ते म्हणाले, "थाळा जमलाच नाही, तर ती सगळी जागा व्हायलिननं घ्यायची. नजमुन्निसा, तयारी ठेव. पुण्याला रेडिओचे लोक येणार आहेत."

आता पायरीवर बसून तिने ते वाक्य पुन्हा ऐकलं, आणि ऐकताना पोटात जो गोडवा तेव्हा पसरला होता तो पुन्हा पसरला. ह्याचीच तिला शिसारी येत होती. पश्चात्ताप झाला की जुना आनंद कडू होतो असं तिला वाटत होतं, पण तो होत नव्हता. त्या रात्री ती नीट झोपली आणि सकाळी उठून सगळी जागा व्हायलिनवर बसवून टाकली. त्या सगळ्या दिवसांत, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, काडी आखूड करा, एवढे तीन शब्द तिच्यापाशी होते. मास्तर भिंतीशी बोलत, चांगदेवशी बोलत, पेटी उघडत, मिटत, आणि ती धनुकलीला राळ घासत बसे. बाबांना कुणी विचारलंच नाही. बाबांना वाटलं बाज्यालाच काहीतरी झालंय, आणि बाजेवाले तो दुरुस्त करतायत. वाद्य बेसूर असलं की दोष धातूचा, हे सगळ्या सोळा माणसांना ठाऊक होतं. घंटा, झांज, तबल्याची वाटी, सगळ्यांचंच तसं. चौथ्या दिवशी मास्तर म्हणाले, "कासाराकडून कड थोडी आत घेतली, की सूर वर चढेल." बाबांना आणि भागूला ओझरच्या गणपतीला पाठवायचं ठरलं, पावण्यांची सरबराई म्हणून. निघताना बाबांनी थाळा फडक्यात बांधला आणि कुणाच्याच हातात दिला नाही. तो नजमुन्निसाच्या मांडीवर ठेवला. "देवळात गर्दी आसती. तुज्यापाशी ऱ्हाऊ दे, पोरी."

तिने तो ओढणीत गुंडाळून कासाराच्या दुकानात नेला. मास्तरांनीच सांगितलं होतं, पण पाय तिचे होते. कासाराने थाळा दिव्याला धरतात तसा उन्हाला धरला. "कड दातरलीय बाई. दोन सुतं आत घेतो, गुळगुळीत होईल." ह्या खाचा आहेत, असं म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. तिने उघडलं नाही. तिला तेव्हा काय वाटत होतं हे तिने स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं, आणि दर वेळी तेच उत्तर आलं: थाळा बिघडावा असं वाटत होतं. बिघडला की तो बाजूला ठेवतील. त्याच्यापुढचं तिने बघितलंच नव्हतं. पहिल्या पाच-सहा ओढींतच खेवजी गेला. मग लुमाजी. मग कासार थाळा फिरवत गेला आणि ती एकेक नाव मनात म्हणत गेली, जणू शाळेत कुणी हजेरी घेतंय. शेवटी गुडघ्याखालच्या दगडावर पिवळसर भुकटीची एक रेघ उरली. कासाराने ती पिसाने गोळा करून डबीत भरली. "काशाची धूळ टाकत नाहीत," तो म्हणाला. "पुन्हा वितळवता येते."

संध्याकाळी बाबा ओझरहून आले. कपाळाला शेंदूर, हातात खोबरं, सगळ्यांना चिमूट चिमूट वाटलं. मास्तरांनी थाळा त्यांच्यापुढे ठेवला आणि वाजवायला सांगितलं. बाबांनी काडी लावली, ओढली. सूर होता तिथेच होता, केसभरही हलला नव्हता. मास्तरांनी हातातली काठी खाली टाकली. तेव्हा चार दिवसांत पहिल्यांदा म्हाताऱ्याने विचारलं, "तुमाला पायजे काय, राव?" जलालचाचांनी क्लॅरिनेटवर हवा तो सूर धरून दाखवला. बाबांनी मान डोलावली, काडी काढली, दातात धरून टोक तोडलं, थुंकलं, मेण दाबलं आणि ओढली. थाळा पांढरी दोनवर येऊन उभा राहिला, इतका नेमका की पेटीवाल्याने पेटीवरचे हात उचलले. "येवढंच व्हय? आधी सांगायचं न्हाई का," बाबा म्हणाले, आणि सगळे हसले. मास्तर सगळ्यांत मोठ्याने हसले. त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. मग बाबांचा डावा अंगठा सवयीने कडेवर गेला.

एक फेरी झाली. अंगठा परत निघाला, दुसरी फेरी झाली. हसणं एकेका खुर्चीवर थांबत गेलं. बाबांनी थाळा उचलून डोळ्यांजवळ नेला, मग खाली ठेवला. मास्तरांकडे त्यांनी पाहिलंच नाही. "नजमू," ते म्हणाले, "मान्सं कुटं गेली?"

"काय म्हणतोय?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही," नजमुन्निसा म्हणाली. "काडीचं काहीतरी."

भागूने तेवढ्यात फडकं झटकलं आणि ती उठून उभी राहिली. "चला मामंजी." पण बाबा उठले नाहीत. तांदूळ वाडीवर पोचला होता. अमुक दिवशी जेवायला या म्हणून भाऊबंदांना निरोप गेला होता. "तांदूळ घेतलाय," ते म्हणाले. "घेतलाय न्हवं. मग वाजवलं पायजे." त्यानंतर ते नजमुन्निसाशी एक शब्द बोलले नाहीत. नुसता अंगठा फिरवत राहिले, जसं आंधळं माणूस स्वतःच्याच घरात दार शोधतं.

पुण्याच्या त्या दिवसाची दुपार तिला नीट आठवत नव्हती. शाळेच्या खोलीत बायका वेण्या घालत होत्या, कुणीतरी चुरमुरे वाटले. ती दोनदा अंगणात गेली. दोन्ही वेळा ठरवून गेली होती, की बाबांपुढे बसायचं आणि सांगायचं, नावं माझ्यापाशी आहेत, अकराच्या अकरा, मी म्हणते, तुम्ही खाचा पाडा. इतकं सोपं होतं. पण नावं सांगायची म्हणजे काडीचंही ठाऊक होतं हे सांगायचं. दुसऱ्या वेळी भागूने मान वर केली. "काय पायजे?" नजमुन्निसा म्हणाली, "चहा हवाय का विचारायला आले." भागूने सकाळच्या सायीच्या कपाकडे बोट केलं.

संध्याकाळी सहाला पडदा वर गेला. बाबांना शेवटी मोरपिसं बांधलीच होती. घागऱ्यातून त्यांच्या वाळक्या पोटऱ्या दिसत होत्या. ते व्यासपीठाच्या पुढच्या कडेला जमिनीवर बसले होते, मागे भागू, आणि डावीकडे दोन हातांवर पहिल्या खुर्चीत नजमुन्निसा. डोंगराचं गाणं म्हणायचं ठरलं होतं, पेरणीचं. आधी एकटा थाळा, मग थाळा जिथे जिथे थांबेल तिथे व्हायलिन, मग सगळे. मास्तरांनी काठी वर केली. बाबांनी काडी ओढली, आणि हजार माणसं एकदम गप्प झाली, कारण असला आवाज त्यांनी ऐकलेला नव्हता. मग बाबा गाऊ लागले. ते पेरणीचं गाणं नव्हतं. मास्तरांना फरक कळला नाही. कळणाऱ्या दोघीच होत्या.

"खेवजी, फुडं उभा ऱ्हा, लुमाजीला हात दे." भागूचा आवाज क्षणभर मागे राहिला. तिलाही समजलं, की म्हातारा आपल्या मुलाचे दिवस इथेच घालायला बसला आहे, ह्या दिव्यांपुढे, कारण घरी परत जाईपर्यंत जी उरलीत ती नावंही जातील. तिने झेललं. "लुमाजी, सरूला हात दे." तिने झेललं. "सरू..." बाबांचा अंगठा गुळगुळीत कडेवर पुढे सरकला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. काडी वाजत होती, नाव येत नव्हतं. मोरपीस थरथरत होतं. प्रेक्षकांना वाटलं हा गाण्यातलाच विराम आहे. बाबांनी मान डावीकडे वळवली आणि सहा दिवसांनंतर पहिल्यांदा नजमुन्निसाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. पडवीत ती चुकली की ते जसे थांबत, तसे ते थांबले होते, आता तिने सांगावं म्हणून.

धावजी. ते तिच्या जिभेवर होतं. तीन अक्षरं, सुपारीसारखी, दातांच्या आत. दोन हातांवरून म्हातारा वाट बघत होता. आणि मास्तरांची काठी तिच्याकडे वळली.

ती वाजवू लागली. पहिल्या रांगेत रेडिओचे लोक होते. तिने आयुष्यात इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं, पुढेही वाजवलं नाही. थाळ्याच्या सुराला धरून ती वर गेली, वळली, आणि खाली येताना सभागृहातून वाहवा आली. तिचा तुकडा संपला. बाबा अजून तिच्याकडेच बघत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावरची वाट बघणारी रेघ पुसली गेली. कानशीने काम केल्यासारखी, एका ओढीत. त्यांनी मान पुढे केली आणि चौथं नाव गायलं.

"सरू, नजमूला हात दे. वलीची नजमू."

भागू झेलेना. थाळा वाजत राहिला. मास्तरांनी भुवया उंचावल्या. नजमुन्निसाला वाटलं, झेलू नको. तिने मनात भागूला हाक मारली असेल किंवा नसेल. आणि भागूने झेललं, स्वच्छ, मोकळ्या आवाजात, प्रत्येक अक्षर ठेवत. त्यानंतर बाबांना काही आठवेना, किंवा त्यांनी आठवलं नाही. मधली सात माणसं तशीच राहिली. "नजमू, भिमाजीला हात दे," ते म्हणाले. भागूने तेही झेललं. बाबांनी काडी मोडली आणि थाळा पालथा घातला. टाळ्या कितीतरी वेळ वाजत होत्या. मास्तरांनी नजमुन्निसाला उभं राहायला खूण केली. ती उठली आणि वाकली.

मास्तर दोन वर्षांनी दिल्लीला जाऊन आले, थाळ्याशिवाय. थाळ्याची जागा व्हायलिनने घेतली होती आणि वर्तमानपत्रात त्याला संगम म्हटलं होतं. पुढे लग्नांत कर्णे आणि तबकड्या आल्या, ऑर्केस्ट्रा मोडला, आणि मास्तर पिंपळवंडीला द्राक्षं लावून सुखाने म्हातारे झाले. जलालचाचांचे पुढचे दात पडले तेव्हा त्यांनी क्लॅरिनेट तेल लावून पेटीत ठेवलं. चांगदेव मुंबईला गिरणीत लागला आणि तिथेच राहिला. जानकूबाबांनी वाडीला जेवण घातलं, आंबेमोहोराचं, सगळे पोटभर जेवले. त्यांनी पुन्हा मेण मळलं नाही. पुण्याहून आल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात ते गेले. त्यांच्यासाठी थाळा लागला नाही, कारण लावणारे तेच होते. थाळा भाताच्या हंड्यावर झाकण म्हणून बसे, अगदी बेताचा बसे, असं पुढे कुणीतरी सांगितलं.

नजमुन्निसाला रेडिओवर घेतलं. तिथून ती मुंबईला सिनेमाच्या वाद्यवृंदात गेली आणि तीस वर्षं शेकडो व्हायलिनांतलं एक व्हायलिन वाजवत राहिली. लग्न केलं नाही. रोज सकाळी चहाच्या बशीच्या कडेवरून अंगठा फिरवत ती अकरा नावं म्हणे, एकही चुकू देत नसे. म्हातारपणी ती जुन्नरला परतली. तोवर धरणाचं पाणी चढून आंबेगावचा बाजार, अब्बांची पडवी, सगळं खाली गेलं होतं. एका शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात तिला भागू दिसली. पुढ्यात करवंदांची पाटी, केस पांढरे, कपाळ मोकळं, गळा मोकळा.

"तू आजून हायेस व्हय?" भागूने विचारलं. आश्चर्य तिला खरंच वाटलं होतं.

नजमुन्निसा तिच्यापुढे जमिनीवर बसली. गुडघे दुखले. "नावं माझ्यापाशी आहेत, भागू," ती म्हणाली. "सगळी. पहिल्यापासून." आणि बाजाराच्या गलक्यात, चाळीस वर्षं उशिरा, तिने ती म्हणून दाखवली. खेवजी, लुमाजी, सरू, धावजी, तिथून थेट अकराव्यापर्यंत, न अडखळता. भागूने पाटीतलं सडकं करवंद काढत काढत शेवटपर्यंत ऐकलं.

"चौथं चुकलं," ती म्हणाली. "तितं तू हायेस. मीच झेललं न्हाई का."

"पण धावजी..."

"आसंल धावजी. आता न्हाई त्यो." तिने पदराने हात पुसले. "सरूचा हात तुज्या हातात, आन तुजा हात भिमाजीच्या. तू जाईस्तवर त्यो तितंच उबा. म्हनून मी पाट न्हाई लावला. त्यो पोचला न्हाई, मी कशी दुसऱ्याच्या घरात जानार?"

भागूने मूठभर करवंदं पानावर घेतली आणि नजमुन्निसाच्या ओंजळीत घातली. तिची बोटं क्षणभर तिथेच राहिली, मनगटाच्या शिरेवर, जसा वैद्य हात बघतो.

"तब्येत चांगली दिसती तुजी," ती म्हणाली. "आता लवकर कर बाई. लई वरसं झाली, ताटकळलाय त्यो."